एकोणचाळीस दाते

थंडी आली की जळगावात ती आधी नाकाला कळते. स्वेटर अजून पेटीतच असतात, पण संध्याकाळी कुठल्यातरी अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्या पेटतात, त्यांवर हिरवी लांब वांगी पडतात, आणि करपत्या सालीचा तो वास गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून येतो. मग शेताशेतांत भरीत-पुरीच्या पंगती सुरू होतात. लोक या वासाने सुखावतात. मी मात्र मागच्या हिवाळ्यापासून खिडकी लावून घेतो.

यंदाही खिडकी लावायला उठलो, तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून प्रज्ञा, माझी मुलगी.

"बाबा, धुळ्याची पट्टी पुन्हा मिळालीय. यंदा परत जमतोय आम्ही. नानांना विचाराल का, या वेळी कोणता क्राऊन घालायचा ते? मी केला होता फोन, पण ते 'माले काई इचारू नको बेटा' एवढंच म्हणतात आणि अक्कांकडे फोन देतात."

"विचारतो," मी म्हणालो.

"नक्की विचारा. तुमचं ऐकतील ते."

फोन ठेवला आणि मी खिडकीशीच उभा राहिलो. ज्या माणसाने सल्ला देणं सोडलं, त्याने ते माझ्यामुळे सोडलं होतं, आणि हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. पण खरं सांगायचं बसलोच आहे तर सगळंच सांगतो. त्या क्षणी मला आधी लाज वाटली नाही. आधी वाटलं, अजूनही ही त्यालाच विचारते.

प्रज्ञा गाड्यांच्या सुट्या भागांची चित्रं काढण्याच्या नोकरीत आहे. चाळिशीला आलेली बाई, पण तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी एक जुनी गाडी उघडून बांधली आहे. पूर्वी शहरात ज्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी फिरायच्या, त्यातलीच एक. आतल्या सीटा काढल्या, लोखंडी पाइपांचा पिंजरा केला, दुसरं इंजिन घातलं. वर्षातून एकदा, थंडीत, धुळ्याबाहेर एक जुनी धावपट्टी त्यांना भाड्याने मिळते. तिथे रबरी शंकू मांडून वळणं आखतात आणि एकेक गाडी घड्याळाशी पळते. कुणी कुणाला हरवत नाही, जो तो आपल्याच कालच्या वेळेला हरवतो. याला ती ट्रॅक डे म्हणते. तिची आई याला म्हणते, "लेकीने म्हातारपणी लावलेला घोर."

या गाडीला ताकद मागच्या चाकांतून मिळते, आणि मागची चाकं म्हणजे माझा प्रांत. इंजिनाचं फिरणं एका लांब दांड्यातून मागे येतं आणि तिथे एका लोखंडी पोटात वळून चाकांकडे जातं. त्या पोटाला आम्ही डिफरेन्शियल म्हणतो. आत एक छोटा दातेरी तुकडा असतो, पिनियन, आणि त्याला चावून फिरणारी एक मोठी दातेरी थाळी, क्राऊन. पिनियनला नऊ दाते असले आणि क्राऊनला त्रेचाळीस, तर गाडी ओढीला जबरदस्त, वळणातून सुटली की उसळते, पण लवकर दम टाकते. त्याच नवाला एकोणचाळीसचा क्राऊन दिला, तर उठायला जरा जड, पण एकदा उठली की लांब जाते. चार दात्यांचा खेळ. बाकी सगळी गाडी तीच, पण चार दात्यांनी तिचा स्वभाव बदलतो. मी जन्मभर ट्रकांच्या मागच्या धुऱ्यांत हेच करत आलो. डाळमिलच्या रस्त्यावर माझं वर्कशॉप होतं, अजूनही आहे, फक्त आता मी काम घेत नाही.

आणि नाना, म्हणजे माझा जुना सोबती सुदाम, जन्मभर हेच करत आला धुळ्यात, आग्रा रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये.

आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो, धुळ्यातच. उस्ताद शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या दात्यांना लावायचा, थाळी फिरवायचा आणि पिनियन नेमका कुठे घासतो त्याचा डाग आम्हाला दाखवायचा. डाग दात्याच्या मध्यावर हवा. कडेला सरकला तर आत शिम घालायची किंवा काढायची. शिम म्हणजे कागदाहून थोडी जाड पत्र्याची चकती. "बोला, घालू का काढू?" उस्ताद विचारायचा. मी पटकन उत्तर द्यायचो आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. सुदाम गप्प बसून डागाकडे बघत राहायचा आणि भलतंच विचारायचा, "उस्ताद, हाई गाडी माल काय भरस?" उस्ताद हसायचा आणि आपला अर्धा चहा बशीत ओतून त्याच्याकडे सरकवायचा.

उत्तर माझं बरोबर असायचं. चहा त्याला मिळायचा. ती बशी मी अजून विसरलेलो नाही. बशीच्या कडेचा निळा पट्टा कुठे उडाला होता तेही मला आठवतं.

मत्सर कसा असतो, हे मी इतकी वर्षं जवळून पाहिलंय की त्याबद्दल दोन शब्द बोलण्याचा मला हक्क आहे. तो रागासारखा पेटत नाही. तो जेवताना, आंघोळ करताना, दुसऱ्याच कुणाशी बोलताना बाजूला बसलेला असतो. माझं वर्कशॉप नानाच्या शेडच्या चौपट होतं. माझ्याकडे रांग लागायची. तरी जळगावचा एखादा ड्रायव्हर "एकदा नानाचा हात लागू द्या" म्हणत गाडी घेऊन शंभर किलोमीटर धुळ्याला गेला, की माझा तो दिवस नासायचा. रांगेतल्या बाकीच्या गाड्या मला दिसायच्याच नाहीत. जी गेली तीच दिसायची.

आणि त्याला यातलं काही दिसत नव्हतं. तो दिवाळीला यायचा, त्याची बायको, जिला सगळेच अक्का म्हणतात, करंज्यांचा डबा आणायची, तो माझ्या नव्या यंत्रांवरून हात फिरवून "भाऊ, भारी शे" म्हणायचा. त्याचं कौतुक खरं असायचं. ते खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

प्रज्ञा लहान असताना सुट्टीत आठ-आठ दिवस त्यांच्याकडे राहायची. एकदा तिने मला विचारलं होतं, सायकलची मागची चकती लहान आणि पुढची मोठी का. मी सांगितलं, नीट, एका वाक्यात. ती "हो" म्हणाली आणि खेळायला गेली. मग धुळ्याला जाऊन तिने तेच नानाला विचारलं. त्याने तिला सायकलवर बसवून पांझरेच्या पुलाच्या चढावर नेलं आणि म्हणाला, "आते चालव, आनि तूच सांग माले." ती परत आली ती दोन दिवस फक्त त्या चढाबद्दल बोलत होती. पाय कसे भरले, कुठे उतरावंसं वाटलं, नाना मागून काय ओरडले. मी जे सांगितलं होतं तेच तिला कळलं होतं. पण मी सांगितलेलं तिला आठवतही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती गाडी पहिल्यांदा माझ्या दारात आली. पुण्याहून दुसऱ्या गाडीवर चढवून आणलेली, निळी, बुटकी. मी वर्कशॉप उघडलं, जाळी झाडली, हत्यारं पुसली. माझ्या फळीवर दोन जोड्या होत्या, त्रेचाळीसची आणि एकोणचाळीसची, दोन्ही तेलकट कापडात गुंडाळलेल्या. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच ठेवतात. एकमेकांना घासून घासून त्यांचे दाते जुळलेले असतात, जोडी फुटली की जन्मभर आवाज करतात. मला वाटलं, आता प्रज्ञा मला विचारणार. मी उत्तर तयारही ठेवलं होतं.

"बाबा, कंप्युटरवर दोन्ही बसतात," ती पुण्याहून फोनवर म्हणाली. "फरक थोडाच येतो. पण नाना पट्टीजवळच राहतात, तिथला चढ, वारा त्यांना पाठ आहे. मी त्यांना सांगितलंय, ते तुम्हाला कळवतील. ते म्हणतील तो घाला. बसवायचं मात्र तुम्हीच हं! तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

हात. म्हणजे डोकं त्याचं आणि हात माझा. माझ्याच मुलीने आम्हा दोघांत ही वाटणी केली होती, आणि तिला वाटत होतं की ती माझं कौतुक करते आहे.

नानाचा फोन आला. तो सरळ आकडा सांगणाऱ्यातला नव्हेच. "टायर तेच शे ना, भाऊ? तिसऱ्या गिअरमा लाल काट्यापावत कितली पळस? ब्रेक कठे मारस ती?" मी जेवढ्यास तेवढं सांगितलं. पलीकडे मागे अक्का कुणालातरी हाक मारत होती. मग तो म्हणाला, "त्रेचाळीस घाल. पट्टी चढती शे, वारा समोरथून येस. ओढ पाहिजे."

"बरं," मी म्हणालो.

त्याचं बरोबर होतं. त्याला जे सांगितलं गेलं होतं त्यावर त्याचंच बरोबर होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण कळणं आणि कबूल करणं यांच्यात मी जन्मभर भरपूर जागा ठेवत आलो. मी स्वतःला समजावलं, पळायची गाडी आहे, ओझं ओढायची नाही, हिला एकोणचाळीसच हवा. त्या दिवशी दुपारी मी एकोणचाळीसची जोडी फळीवरून काढली.

तो दिवस मला सुंदर आठवतो, हीच त्यातली वाईट गोष्ट आहे. उन्हाची एक पट्टी दारातून आत आलेली. मी शेंदूर कालवला. शिम घातली, काढली, पुन्हा घातली. दात्यांमध्ये केसाएवढी मोकळीक ठेवावी लागते, नाहीतर तापून जळतात, आणि जास्त ठेवली तर ठोकतात. शेवटी डाग दात्याच्या बरोबर मध्ये उमटला, भुईमुगाच्या दाण्याएवढा, प्रत्येक दात्यावर सारखा. इतकी चांगली जोडणी मी माझ्या धंद्याच्या भरात केली नव्हती. चुकीचा क्राऊन मी माझ्या हातच्या सगळ्यात चांगल्या कामाने बसवला.

मग प्रज्ञाला फोन केला. "बसवला. एकोणचाळीस. नाना म्हणाला तोच."

हे वाक्य मी का बोललो, ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. गाडी चांगली पळाली, तर मी सांगणार होतो की अगं, नानाने दुसरा सांगितला होता, हा माझा. आणि वाईट पळाली, तर नाव नानाचं होतंच. दोन्हीकडून माझाच फायदा. मुलगी हरावी असं मला वाटत नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूने लिहितो. नानाचं बरोबर येऊ नये, एवढंच वाटत होतं.

पट्टीवर त्या सकाळी गवत वाळून पिवळं झालं होतं आणि बोलताना तोंडातून वाफ येत होती. कडेच्या शेतात अक्काने वांगी भाजायला लावली होती. नाना कानटोपी घालून शंकूंच्या बाजूने चालत चालत पार टोकापर्यंत जाऊन आला. मी खुर्चीवर बसलो होतो. तेवढ्यात प्रज्ञाची एक मैत्रीण पुण्याहून आली आणि तिने डिकीतून चार टायर काढले. शर्यतीचे, वापरलेले, रस्त्याला चिकटून धरणारे, आणि आधीच्यांपेक्षा चांगलेच बुटके.

"हेच लावू!" प्रज्ञा ओरडली.

टायर बुटका झाला की चाक एका फेरीत कमी अंतर कापतं. म्हणजे गाडी आपोआप ओढीची होते, मागे कुणी जादा दात्यांचा क्राऊन घातल्यासारखी. अशा टायरवर त्रेचाळीस घातला असता, तर तिसरा गिअर अर्ध्या पट्टीतच संपला असता. एकोणचाळीस मात्र मापाने शिवल्यासारखा बसणार होता. हे माझ्या लक्षात आलं आणि मला हसू फुटलं. मी काही न करता बरोबर ठरणार होतो.

ती सुटली. गाडीचा आवाज चढत गेला, तिसऱ्या गिअरमध्ये, लांबच लांब, एकाच श्वासात म्हटलेल्या तानेसारखा, आणि शेवटच्या शंकूंपाशी, ब्रेक मारायच्या नेमक्या जागी, वर जाऊन टेकला. पुन्हा आली, पुन्हा तसंच. तिथली जमलेली पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी खुर्चीतून उठलो. माझं वाक्य माझ्या ओठांवर होतं.

प्रज्ञा गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं, केस ओले झालेले. ती माझ्याकडेच येते आहे असं मला वाटलं. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि नानाच्या पाया पडली.

"नाना, एकोणचाळीस! काय डोकं चाललं तुमचं! टायर बदलले तरी जमलं. तुम्हाला आधीच स्वप्न पडलं होतं का टायरचं?"

नाना गोंधळला. "एकोणचाळीस? मी ते त्रेचाळीस सांगेल व्हता, बेटा."

"बघा, आता नको म्हणतायत! घ्या की कौतुक, नाना, काही होत नाही."

"नही, खरंच. त्रेचाळीस. भाऊले इचार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाना बघत होता, अगदी साधेपणाने, उस्तादाकडे बघायचा तसा. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दाबरोबर हेही निघालं असतं की मी मुलीचं ऐकलं नाही आणि तिच्याशी खोटं बोललो. आणि ते सगळं अशा वेळी, जेव्हा तिचे हात नुकतेच त्याच्या पायांना लागले होते.

"नाना, तू एकोणचाळीसच म्हणालास की," मी म्हणालो. "फोनवर. विसरलास का?"

पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "नानांचं वय झालं." नानाही हसला, पण त्याने कानटोपी काढली आणि उगाच पुन्हा घातली. भरीत वाढलं गेलं. अक्काने माझ्या पानात दोनदा वाढलं. नाना माझ्या शेजारीच बसला होता आणि जेवता जेवता मध्येच थांबत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आणि एवढं करून ते कौतुक मला मिळालं नाहीच. माझा क्राऊन, माझी जोडणी, माझी मुलगी, आणि वाहवा त्याची. त्या दिवशीही माझ्या पोटात हेच होतं. त्याच्या डोळ्यांत काय चाललंय, ते मला दिसत होतं, पण माझ्याच डोळ्यांत इतकं काही भरलं होतं की तिथे जागा नव्हती.

पुढे अक्काचे फोन यायला लागले. "भाऊ, यास्ले काय व्हयनं, काई समजस नही. गॅस बंद कया का म्हनीसन तीन तीनदा उठतस." उन्हाळ्यात कळलं की नानाने शेड बंद केली. कुणी गाडी घेऊन आलं तर म्हणायचा, "मन्हावर भरोसा ठेवू नको भाऊ, मन्हं डोकं आते पहिलासारखं नही." पावसाळ्यात दवाखाना झाला. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे ठीक आहे. पण ज्या माणसाला आपण स्वतःच्या तोंडाने सांगितलेला आकडा आठवत नाही असं वाटतं, त्याला कोण काय सांगणार? पुढच्या हिवाळ्यात पट्टी मिळाली नाही, त्यामुळे एवढा सगळा काळ प्रज्ञाची गाडी त्याच्याच शेडमध्ये झाकून ठेवलेली होती. तो रोज तिच्या बाजूने जात असणार. उघडून दाते मोजले असते तरी एकोणचाळीसच निघाले असते. तो काय बोलला होता, हे फक्त दोन माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाने, म्हणजे मी, दुसऱ्याविरुद्ध साक्ष देऊन त्याला खोटं पाडलं होतं.

आणि हेही लिहून टाकतो. शेड बंद झाल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात क्षणभर आलं होतं, आता तरी कुणी धुळ्याला जाणार नाही.

प्रज्ञाचा फोन आल्यावर मी सकाळच्या बसने धुळ्याला गेलो. पारोळ्याला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावंसं वाटलं. बाहेर कपाशीची शेवटची वेचणी चालली होती, बायका कमरेला ओट्या बांधून रांगेने पुढे सरकत होत्या.

नाना शेडसमोर बाजेवर बसला होता, तुरीच्या शेंगा सोलत. अक्का समोर सूप घेऊन. त्याच्या गळ्यात, हरवू नये म्हणून सुतळीत ओवलेली, किल्ली होती, लहान मुलाच्या गळ्यात असते तशी. मला पाहून त्याचा चेहरा फुलला.

"येय भाऊ! बठ. अक्का, चहा ठेव."

"चहा नंतर," मी म्हणालो. बसलो असतो तर बोलू शकलो नसतो, म्हणून उभ्यानेच सांगितलं. "नाना, तू त्रेचाळीस म्हणाला होतास. त्या वेळी. फोनवर. एकोणचाळीस मी घातला, मुद्दाम. आणि सगळ्यांसमोर मी खोटं बोललो."

त्याच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. तो पट्टीवर बघितलं होतं तसाच माझ्याकडे बघत राहिला.

अक्काच आधी बोलली. "दोन वरीस मी यास्ले दवाखानामा लीसन फिरनू, भाऊ. दोन वरीस." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"थांब," नाना तिला म्हणाला. मग मला, हळूच, "म्हंजे मन्हं डोकं ठीक शे?"

"ठीक आहे, नाना. पहिल्यापासून ठीक आहे."

त्याने शेंग सुपात टाकली. हात धोतराला पुसले. मी वाट बघत होतो, शिवीची, हाकलून देण्याची. तो म्हणाला, "का रे पन?"

"प्रज्ञा तुला विचारते म्हणून."

"बस? इतलंच?"

"उस्तादही तुलाच चहा द्यायचा."

तो हसला नाही. खरोखर विचारात पडला. "तू मन्हावर जळस? माले ते माहीतच नही व्हतं." पन्नास वर्षं मी ज्याच्याशी धावत होतो, त्याला धावतोय हेच माहीत नव्हतं. अक्काच्या शब्दांपेक्षा हे मला जास्त लागलं, हे कबूल करतो.

"आते तिले सांग," तो म्हणाला. "मन्हासमोर. आत्तेच."

मी प्रज्ञाला फोन लावला आणि सांगितलं. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा म्हणायचं होतं ना, की मला विचार." एवढंच. आणि थोड्या वेळाने, कोरड्या आवाजात, "फोन नानांना द्या."

मी दिला.

त्याने तो कानाला घट्ट धरला. आधी नुसता "हा, हा" म्हणत होता. मग म्हणाला, "टायर कोनता शे आते?" मग, "बुटका नही? मंग मधला शे म्हन." मग, "ब्रेक तठेच मारस का पुढे?" त्याचा आवाज एकेक प्रश्नागणिक बाजेवरून उठून उभा राहत होता. अक्काने सूप खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. चहा तिने ठेवला नव्हता, तो ठेवलाच नाही. मी उभा होतो, आणि एवढं सगळं होऊनही, मुलगी पलीकडून त्याला किती वेळ बोलते आहे, हे मी मोजत होतो.

फोनवर हात ठेवून तो माझ्याकडे वळला. "भाऊ, तुन्हाकडे एक्केचाळीसनी जोडी शे का?"

"मिळेल. बघतो."

"बघ. तूच बसाव. हात तुन्हाच चांगला शे." मग जरा थांबून, "पन मी समोर बशीसन दाते मोजसू."

काल तो जळगावला आला, पहिल्या बसने, एकटा. किल्ली गळ्यात होतीच. मी जोडी मिळवून ठेवली होती, रॉकेलमध्ये धुऊन लखलखीत केलेली. तो स्टुलावर बसला, चष्मा पुसला, क्राऊनच्या एका दात्यावर खडूने खूण केली आणि मोठ्याने मोजायला लागला. मी थाळी फिरवत होतो. तो प्रत्येक दात्याला बोट लावत होता. एक्केचाळीसनंतर खूण परत त्याच्या बोटाखाली आली. तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तरी त्याने बोट पुन्हा खुणेवर ठेवलं आणि एकपासून मोजायला सुरुवात केली. भरोसा त्याला माझ्यावर नव्हता की स्वतःवर, ते मी विचारलं नाही. मी थाळी फिरवत राहिलो.